धुक्यात दाखवलेलं गाव

मंदामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, अलेक्झांड्रा नावाच्या छोट्या गावात मला फार्मसिस्टची नोकरी लागली, तेव्हा तिथे मी कोणालाच ओळखत नव्हते. आधीची तीन वर्षं ऑकलंडच्या पापाकुरात काढलेली. तिथे कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानातसुद्धा कोथिंबीर मिळायची आणि ट्रेनमध्ये ओळखीचे चेहरे दिसायचे. इथे जुलैच्या थंडीत सकाळी साडेआठला गाडीची काच खरवडून कामावर जायचं, आणि दिवसभरात स्वतःचं नाव कोणाच्या तोंडून नीट ऐकायला मिळायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी काउंटरपाशी एक बुटकीशी बाई आली. नर्सचा निळा युनिफॉर्म, त्यावर जाड जॅकेट, केसांचा घट्ट अंबाडा. तिने माझ्या खिशावरचा बिल्ला वाचला आणि म्हणाली, "श्रुती. पुण्याची का गं?"

मी हो म्हटलं. तिने पेशंटची औषधं घेतली, लेबलावरची नावं ताडून पाहिली, आणि जाताना सांगून गेली की ती शेजारच्या क्लाइड गावात राहते, शनिवारी दहाला मला न्यायला येईल, गाव दाखवेल. मी यायचं की नाही हे विचारायची तिला गरज वाटली नाही.

मंदामावशी तेव्हा सत्तावन्नची होती. इंदापूरजवळच्या एका गावात वाढलेली, सोलापुरात नर्सिंग शिकलेली. नवरा हरीश आणि पाच वर्षांची मुलगी अबोली यांना घेऊन ती अठरा वर्षांपूर्वी इकडे आली. आधी ऑकलंडला नर्सिंग होममध्ये, मग इकडे घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करणारी डिस्ट्रिक्ट नर्स. हरीशकाका फळबागांच्या पॅकिंग शेडमध्ये सुपरवायझर होते. अबोली आता दूर उत्तर बेटावर, लोअर हटला नोकरी करते, आईशी फोनवर बोलते तेव्हा आई मराठीत आणि ती इंग्रजीत, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.

नवीन माणसाला गाव दाखवणं हा मावशीचा नेम होता. हॉस्पिटलात नवा डॉक्टर येवो, फिलिपीन्सची नर्स येवो, नाहीतर माझ्यासारखं कोणी, पहिल्या शनिवारी मावशीची लाल टोयोटा दारात उभी.

त्या शनिवारी धुकं इतकं होतं की ती टोयोटा मला आधी ऐकू आली आणि मग दिसली. तिथल्या खोऱ्यात हिवाळ्यात असं होतं. धुकं दोन-दोन दिवस नदीवर बसून राहतं, वर डोंगरावर लख्ख ऊन असतं आणि खाली दुपारी बारालासुद्धा दिवे लावावे लागतात. झाडांच्या काड्यांवर दव गोठून पांढरे काटे उभे राहिलेले. मी म्हटलं, मावशी, आपण पुढच्या शनिवारी जाऊ या का, आज काय दिसणार.

"गाव काय कुठे जातंय," ती म्हणाली. मग गाडीचा गिअर टाकता टाकता क्षणभर थांबली आणि निघाली.

क्लाइडची मुख्य गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिनिटांत संपते. एकोणिसाव्या शतकात नदीत सोनं सापडलं आणि हे गाव उभं राहिलं. दगडी बँक, दगडी पोस्ट, दगडी हॉटेल. मावशी मला एकेका इमारतीसमोर उभी करायची आणि जे दिसत नव्हतं ते सांगायची. इथे वर तारीख कोरलेली आहे. या भिंतीमागे जर्दाळूचं झाड आहे, ऑक्टोबरमध्ये बघ. इथे सोनं ठेवायचे, इथे चोर ठेवायचे. धुराड्यांतून लाकडाचा धूर निघत होता आणि वर न जाता रस्त्यावरच रेंगाळत होता. आमच्याशिवाय रस्त्यावर एक कुत्रा आणि त्याचा मालक, एवढेच.

"किआ ओरा, मांडा," मालकाने माओरीत मावशीला नमस्कार केला; इथे सगळे मंदाचं मांडा करतात. "टूरला काय सुंदर दिवस निवडलास."

पुलावर गेलो तेव्हा नदी दिसत नव्हती. कठड्याला धरून खाली पाहिलं तर नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्याच्या खालून एवढ्या मोठ्या पाण्याचा सलग, जड आवाज. काठावरच्या खडकांत रानटी थाइमची सुकी झुडपं होती. मावशीने चिमूटभर पाला खुडून माझ्या तळहातावर चुरला. थेट ओव्याचा वास आला. ती तो थालीपिठात घालते म्हणाली, हरीशकाकांना फरक कळत नाही.

पुलावरून मी विचारलं, ते मोठं धरण कुठे आहे? गाव शोधताना इंटरनेटवर सगळ्यात आधी त्याचेच फोटो आले होते. मावशीने हाताने धुक्यात वरच्या बाजूला दाखवलं. तिकडे. जायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, तिकडे काय, काँक्रीट आहे. आणि गाडीकडे चालू लागली. नंतर मला कळलं की इथल्या इतक्या वर्षांत मावशीने गाव दाखवलेल्या कितीतरी माणसांपैकी एकालाही तिने धरणावर किंवा त्याच्या मागच्या तलावावर नेलं नव्हतं. पुढच्या क्रॉमवेल गावाला जायचं तर तलावाच्या कडेनेच रस्ता जातो. तिथून ती जायची, पण गाडी कधी थांबवायची नाही.

टूरचा शेवटचा मुक्काम डोरीनचं घर होतं. डोरीन शहाऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, उंच आणि हाडकुळी बाई. चालायला वॉकर लागायचा, पण चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, अजून स्वतः करायची. मावशी चहा करायला आत गेली आणि डोरीनने मला त्यांची ओळख कशी झाली ते सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी डोरीनच्या घोट्यावर एक जखम झाली, भरता भरेना. मावशी आठवड्यातून तीनदा ड्रेसिंगला यायची. डोरीनने पहिले तीन आठवडे तिला धड 'गुड मॉर्निंग'ही म्हटलं नाही. आधीची नर्स बरी होती, तुझे हात गार आहेत, तुझं इंग्रजी मला कळत नाही, असं काय काय ऐकवलं. "मी दुष्टच होते," डोरीन म्हणाली, "आणि ही खाली मान घालून पट्टी बांधायची. मला त्याचाही राग यायचा."

डोरीनच्या खुर्चीसमोर भिंतीवर एक फोटो होता. डोंगराच्या घळीत नदीकाठची फळबाग, ओळीने फुललेली जर्दाळूची झाडं, एका बाजूला पत्र्याच्या छपराचं घर. डोरीन आणि तिचा नवरा केन यांची ती बाग. धरण बांधायचं ठरलं तेव्हा सरकारने घळीतल्या सगळ्या बागा घेतल्या, झाडं कापली, घरं पाडली. तलाव त्यानंतर काही वर्षांनी भरला. घरी येणारा प्रत्येक जण तो फोटो पाहून एकच म्हणायचा, किती सुंदर, किती वाईट झालं. डोरीन थँक यू म्हणायची आणि विषय संपायचा.

चौथ्या आठवड्यात मावशीने पट्टी बांधता बांधता फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठल्या बाजूने आलं?"

डोरीन मला म्हणाली, "वीस-बावीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं नदीकडूनच आलं असणार. पण आमच्या घरामागे एक ओहोळ होता. पाणी त्यातून उलटं वर चढत आलं. मागच्या दाराने. मी हिला म्हटलं, तुला कसं माहीत विचारायला? तर ही म्हणाली, माझंही गाव पाण्यात आहे. बस, एवढंच. पुढे एक शब्द नाही. मी नऊ वर्षं वाट बघतेय."

मावशी चहाचे कप घेऊन आली तेव्हा डोरीन खिडकीबाहेर पाहत होती. ती म्हणाली, मांडा, आज मला तलावावर घेऊन चल.

मावशीने कप खाली ठेवले. बाहेर थंडी आहे, रस्ता निसरडा आहे, डोरीनच्या छातीला सोसणार नाही, अशी तिने नर्सला शोभतील ती सगळी कारणं सांगितली. आणि शेवटी म्हणाली की काहीच दिसणार नाही.

"म्हणूनच," डोरीन म्हणाली. "आज पाणी दिसणार नाही. तीस वर्षांत मला असा दिवस मिळाला नाही ज्या दिवशी माझी तब्येत बरी आहे, गाडी आहे आणि धुकं आहे. मला तुला माझी बाग दाखवायची आहे, आणि मधे ते पाणी नको आहे."

मावशीने खिडकीबाहेरच्या धुक्याकडे एकदा पाहिलं. मग तिने डोरीनचा कोट आणला, तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, गरम पाण्याची पिशवी भरली आणि मला म्हणाली, "श्रुती, तो वॉकर डिकीत टाक."

धरण आमच्या डाव्या हाताला कधी गेलं ते कळलंच नाही. मावशी पुढे वाकून, अगदी हळू चालवत होती. दहा-बारा मिनिटांनी डोरीन म्हणाली, आता थांबव. रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायची मोकळी जागा होती, एक लाकडी बाक, आणि पुढे कमरेएवढं कुंपण. कुंपणापलीकडे काही नव्हतं. पाणी नाही, समोरचा डोंगर नाही. भिंतीला नुकता चुना लावावा तसं सगळं सपाट पांढरं.

डोरीन बाकावर बसली नाही. वॉकरला धरून कुंपणाशी उभी राहिली आणि तिने दाखवायला सुरुवात केली. तिचा हात ज्या ठामपणे फिरत होता, तो पाहून मलाही ते दिसायला लागलं. हे घर. स्वयंपाकघर नदीकडे, कारण केनच्या आईला भांडी घासताना नदी बघायची असायची. इथून ओळी सुरू. सगळ्यात वरच्या ओळीला थंडी लागायची, तिथे फळ उशिरा यायचं, पण गोड तेच. तिथे पॅकिंग शेड. तिथे केनने ट्रॅक्टर उलटवला. एका वर्षी जानेवारीत इतकी फळं आली की शाळेतली सगळी मुलं बोलावून टोपल्या भरून नेऊ दिल्या. झाडं कापल्यावर एका बुंध्याला पुन्हा फांद्या फुटल्या होत्या, पाणी येण्याआधीच्या वसंतात त्यांना फुलंही आली. ती रोज येऊन बघायची. ती फुलं कोणी मोजायला आलं नाही, कोणाच्या कागदावर ती नव्हती, असं ती म्हणाली.

सांगून झालं तेव्हा तिला दम लागला होता. मावशीने तिची नाडी पाहिली, तिला बाकावर बसवलं, गरम पिशवी मांडीवर ठेवली. डोरीनने तिचा हात सोडला नाही.

"आता तुझं दाखव," ती म्हणाली.

मावशी माझ्याकडे बघून उगाच हसली. मग कुंपणाकडे गेली. मला वाटलं ती दोन वाक्यांत आटपेल.

"हा रस्ता," तिने हात वर केला. "एसटी इथपर्यंत यायची. इथे पिंपळ, त्याला पार. पाराच्या मागे शाळा, दोन खोल्या. इथून आमची आळी. तिसरं घर आमचं." ती इंग्रजीत सांगत होती, पण पार, ओटा, आड, गोठा हे शब्द तसेच मराठीत येत होते आणि डोरीन एकदाही त्यांचा अर्थ विचारत नव्हती. उजनीचं धरण झालं तेव्हा मावशी अकरा वर्षांची होती. भीमेच्या काठचं त्यांचं निमगाव उठलं, वर माळावर नवी वसाहत झाली. लोकांनी जाताना दारं, चौकटी, पत्रे काढून नेले. तिच्या आईने चुलीतली राख एका डब्यात भरून घेतली, का ते तिलाही सांगता आलं नाही. मग पाणी आलं. पूर येतो तसं नाही. पूर आवाज करत येतो आणि निघून जातो. हे आवाज न करता ओढ्यातून मागच्या मागे चढत आलं, आणि राहिलं.

तिथे मावशी थांबली. मला वाटलं झालं. पण तिने कुंपणाची वरची पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"आबा, माझे वडील, रोज संध्याकाळी नव्या वस्तीतून पाण्यापर्यंत चालत जायचे," ती म्हणाली. "मला घेऊन. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पाण्यात गेलेला असायचा. मग दुसरा ठेवायचे. घरी येऊन कोणाशी बोलायचे नाहीत, जेवायचे नाहीत. एक दिवस मी शाळेतून परस्पर गेले. पाण्यात हात घालून कालचा दगड काढला आणि नव्या कडेवर आणून ठेवला. मला वाटलं, आबांना दिसेल की आज पाणी चढलं नाही. एक दिवस तरी जेवतील."

डोरीनने विचारलं, "मग?"

"आबा आले. दगड पाहिला. खाली बसून त्यावर हात ठेवला. मग माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, चल मंदे, घरी जाऊ. त्यानंतर ते कधीच पाण्यावर गेले नाहीत. मरेपर्यंत नाही. मला कायम वाटत आलं, मी त्यांना फसवलं आणि त्यांना ते कळलं, म्हणून त्यांनी सोडलं. हे मी हरीशलासुद्धा सांगितलेलं नाही."

धुक्यातून एक गाडी दिवे लावून गेली. तिचा आवाज हळूहळू विरला.

"दगड ओला होता ना," डोरीन म्हणाली.

"खालून. गाळ लागलेला."

"मग त्याला लगेच कळलं असणार. आणि कोणी उचलला तेही कळलं असणार." डोरीन जरा वेळ दम घेत राहिली. "तलाव भरला तेव्हा मी दीड वर्ष रोज इथे येत होते, मांडा. पाऊस असो, बर्फ असो. केन चिडायचा, मग रडायचा. शेवटी मला न्यूमोनिया झाला तेव्हा थांबले. माझा दगड हलवणारं कोणी नव्हतं."

मावशी वळली, बाकाशी आली आणि डोरीनच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. ड्रेसिंग करताना ती तशीच बसत असणार. तिने डोरीनच्या मांडीवर डोकं टेकलं. डोरीनचा हातमोजा घातलेला हात तिच्या अंबाड्यावर होता. मी गाडीत जाऊन हीटर लावला आणि काचेवरचं धुकं पुसत बसले.

परत येताना डोरीन मागच्या सीटवर झोपून गेली. मावशीने मला घरी सोडलं, डब्यात घालून ठेवलेला चिवडा हातात दिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली की सोमवारी डोरीनच्या छातीचं औषध जरा जास्तीचं काढून ठेव, आज गार वारा लागलाय.

मावशीचा भाऊ गणेश नव्या निमगावातच राहतो. दर उन्हाळ्यात तो फोन करायचा, ताई, पाणी उतरलंय, जोती दिसायला लागलीत, ये एकदा. मावशी दर उन्हाळ्यात रजा नाही म्हणायची. पुढच्या वर्षी मे महिन्यात उजनी फार म्हणजे फारच खाली गेली. गणेशमामाने फोन करायच्या आधीच मावशीचं तिकीट निघालं होतं. अबोलीने आपणहून विचारलं, कॅन आय कम, आणि दोघी गेल्या.

मावशी अकरा दिवस तिकडे होती. चपला हातात घेऊन भेगाळलेल्या गाळातून चालत गेली. पिंपळाचा बुंधा नव्हता, पण पाराचे दगड होते. आळीतल्या तिसऱ्या घराचं जोतं गुडघ्याएवढं उरलेलं. अबोली तिथे बसली आणि तिने आईला आजोबा कसे होते ते विचारलं. मावशीने तिला सगळं सांगितलं, या वेळी सगळं मराठीत. अबोलीला कळलं का, मी विचारलं. मावशी म्हणाली, शब्द दोन-चार अडले असतील, पण ती उठायला तयार नव्हती, मीच ऊन चढलं म्हणून ओढून आणली.

परतली तेव्हा डोरीन हॉस्पिटलात होती. छातीचंच दुखणं होतं, आणि या वेळी ती घरी जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. मी रोजची औषधं वॉर्डात पोचवायच्या निमित्ताने तिथे गेले तेव्हा मावशी तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसली होती. फोनवर फोटो होते, पण डोरीनला आता नीट दिसत नव्हतं. मावशी एकेक घर सांगत होती, कोणाचं काय उरलं, काय नाही. डोरीन डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोपली.

मग ती डोळे न उघडता म्हणाली, "भावाने जेवायला काय केलं?"

"मासे," मावशी म्हणाली. "चिलापी. आता गावातले निम्मे लोक मासेमारी करतात. त्याच पाण्यातले. वहिनीने तळून वाढले."

"कसे होते?"

"हीप्स गुड. एकदम मस्त. मी चार खाल्ले."

डोरीनला हसू आलं आणि हसण्यातून खोकला. मावशीने तिला पाठीला हात देऊन उठवून बसवलं, पाणी पाजलं, उशी पालटली. श्वास ताळ्यावर आल्यावर डोरीनने तिला सांगितलं की तलावात ट्राउट मासा चांगला मिळतो, तिने मात्र हट्टाने तीस वर्षं एकही खाल्ला नाही. मावशीने विचारलं, आणू का उद्या?

डोरीन विचार करत राहिली. मग म्हणाली, आण, पण काटे तू काढ.